दाढीचा स्वस्त साबण, मोबाइलवरची मतं आणि आपली मुलं



आजचा विषय वाचून तुम्हाला हसू येईल. प्राथमिक शाळेचा मास्तर आणि लेख कशावर, तर दाढीच्या साबणावर! पण एकदा शेवटपर्यंत वाचा. साबण फक्त निमित्त आहे. वर्गात आणि घरात रोज घडणारी एक गोष्ट मला या साबणामुळे नीट दिसली, ती तुमच्यापुढे मांडतो.

प्रसंग

मी माण परिसरातल्या एका शाळेत पाचवी ते सातवीला शिकवतो. आमचं गाव तुम्हाला माहीत असेल. एका बाजूला हिंजवडी आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला शेतं आणि मधे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. पालकांमध्ये मूळचे गावकरी आहेत, तसेच लातूर, बीड, सोलापूरकडून कामासाठी आलेलेही खूप आहेत.

मागच्या वर्षी पालक सभा संपल्यावर सहावीतल्या एका मुलीचे वडील मागे थांबले. चाकणला कंपनीत काम करतात, शिफ्ट ड्युटी. त्यांचा मोठा मुलगाही माझाच विद्यार्थी, आता अकरावीला आहे.

"सर, एक विचारू का? शाळेचं नाही."

"विचारा की."

"पोरगं आता दाढी करायच्या वयाला आलंय. म्हटलं, आपण शिकवावं. नवा ब्रश आणला, वाटीतला साबण आणला, मी वापरतो तोच. तर म्हणतो, पप्पा हा साबण भंगार आहे, ह्यानं चेहरा खराब होतो. मोबाइलवर सगळे तेच सांगतात म्हणे." मग ते जरा थांबले, गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मी बावीस वर्षं ह्याच साबणानं दाढी करतोय. खरंच खराब असेल का हो, सर?"

पालकहो, मुलाच्या बोलण्याचं मला फार नवल वाटलं नाही. या वयात बापाचं सगळंच जुनं वाटतं. मला धक्का बसला तो वडिलांच्या प्रश्नाचा. बावीस वर्षं ज्या माणसाने रोज सकाळी स्वतःचा चेहरा आरशात बघितला, त्यालाच आता आपल्या चेहऱ्याबद्दल शंका आली! कुठल्या तरी अनोळखी माणसांनी, कुठल्या तरी गावात बसून दिलेले तारे त्याच्या अनुभवापेक्षा भारी ठरले.

आणि मी काय केलं? खोटं कशाला बोलू, मीही खिशातून मोबाइल काढला. "थांबा, बघतो" म्हटलं आणि लोकांनी काय लिहिलंय ते वाचायला लागलो. समोर बावीस वर्षांचा पुरावा उभा होता आणि मी स्क्रीनवर पुरावा शोधत होतो. घरी गेल्यावर याची फार लाज वाटली.

लोक काय लिहितात?

त्या रात्री मी निवांत बसून वाटीतल्या स्वस्त साबणांबद्दल शे-दीडशे मतं वाचली, दहा-बारा व्हिडिओ बघितले. एकाच साबणाबद्दल एक जण लिहितो, फेसच येत नाही. दुसरा लिहितो, इतका दाट फेस कुठेच बघितला नाही. तिसऱ्याचा चेहरा कोरडा पडला. चौथ्याला आजोबांची आठवण आली म्हणून त्याने पाच तारे दिले. पाचवा म्हणतो, डबा चेपलेला आला, म्हणून एक तारा!

आता नवखा मुलगा यातून काय घेणार? त्याने आयुष्यात एकदाही दाढी केलेली नाही. "फेस येत नाही" हे वाक्य खरं की खोटं, हे ताडून बघायला त्याच्याकडे स्वतःचं काहीच नाही. जुन्या माणसाने असं मत वाचलं तर तो म्हणेल, ब्रश नीट भिजवला नसेल. नवख्याच्या डोक्यात मात्र ते मत जाऊन बसतं आणि पुढे त्याचा अनुभवही त्या मताच्या मागे चालतो. पहिल्या दिवशी गाल जरा चुरचुरला की दोष साबणाचा. महागड्या ट्यूबने गाल चुरचुरला, तर मात्र "माझीच काहीतरी चूक झाली असेल."

आणखी एक लक्षात घ्या. ज्याचं काम व्यवस्थित चाललंय तो लिहायला बसत नाही. आपल्या या पालकांनी बावीस वर्षांत साबणाबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. लिहितो तो फार खूश झालेला, नाहीतर फार चिडलेला. म्हणजे मधली मोठी रांग आपल्याला दिसतच नाही.

आणि पहिल्या मताचा जोर किती असतो, यावर एक प्रयोग झालेला आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. एका संकेतस्थळावर लोकांच्या प्रतिक्रियांना इतर वाचक पसंती-नापसंती देत असत. संशोधकांनी काही प्रतिक्रियांना, कसलाही विचार न करता, सुरुवातीलाच एक पसंती देऊन ठेवली. फक्त एक! तेवढ्यावर त्या प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. मोठी, शिकलेली माणसं एका खोट्या मतामागे गेली. मग सोळा वर्षांच्या मुलाला आपण काय दोष देणार?

हे आजचंच आहे का?

नाही. दुसऱ्याच्या शब्दावर साबण विकत घेणं जुनंच आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत वनस्पती तेलापासून साबण काढला. तेव्हा चांगला साबण म्हणजे विलायती, असंच लोकांच्या मनात होतं. ही समजूत मोडायला गोदरेजच्या जाहिरातीत खुद्द रवींद्रनाथ टागोरांची शिफारस छापली गेली. म्हणजे तेव्हाही नवख्या गिऱ्हाइकाने आधी मत घेतलं आणि मग साबण. फरक इतकाच की शिफारस कोण करतंय आणि कशासाठी करतंय, हे तेव्हा वाचणाऱ्याला समोर दिसत होतं. आज आपल्यापुढे हजार माणसं बोलतात आणि त्यातल्या कोणाला फुकट डबा मिळाला, कोणाला पैसे मिळाले, हे समजत नाही.

सरकारनेही याची दखल घेतलेली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं ऑनलाइन ग्राहक-मतांसाठीचं मानक आलं, आयएस १९०००. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने नियम समजावून सांगितले, की पैसे, भेटवस्तू किंवा फुकट माल घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने ते साध्या, ठळक शब्दांत सांगितलं पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो मुलांच्या वहीत लिहून द्यायला हरकत नाही. पण कायदा खोट्या मतावर बोट ठेवेल. खरं असूनही आपल्या उपयोगाचं नसलेलं मत तो कसं ओळखणार? तिथे शिक्षण लागतं.

कोणाचं पाणी, कोणाची कातडी, कोणाचा खिसा?

"फेस येत नाही" हे लिहिणारा खोटं बोलत नसेल. सातवीच्या विज्ञानात आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकवतो ना? दुष्फेन पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार असतात. साबण आधी त्यांच्याशी क्रिया करतो, त्याचा पांढरा साका होतो आणि उरलेल्या साबणाचा फेस येतो. आमच्याकडे कितीतरी सोसायट्या आणि खोल्यांमध्ये बोअरचं, नाहीतर टँकरचं पाणी असतं. तिथे जो फेस येईल तोच साबण कोकणात पावसाच्या पाण्यावर वेगळा फेस देईल. एकाने एक तारा दिला, दुसऱ्याने पाच दिले, दोघेही खरं बोलले. साबण एकच, पाणी वेगळं!

अशी फसगत मोठ्या कंपन्यांचीही होते. जिलेटने २००२ च्या सुमारास भारतासाठी एक रेझर आणला. आणण्याआधी तो अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून वापरून घेतला होता. त्यांना तो आवडला. भारतात आल्यावर मात्र लोकांच्या तक्रारी आल्या. कारण काय, तर अमेरिकेत त्या मुलांकडे नळाचं वाहतं पाणी होतं. इथे कित्येक माणसं वाटीभर पाण्यात दाढी करतात, आणि तेवढ्या पाण्यात ब्लेडमध्ये अडकलेले केस निघत नव्हते. मग कंपनीची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली, लोक दाढी कशी करतात ते बघितलं आणि २०१० साली एकाच पात्याचा साधा रेझर काढला. रेझर १५ रुपयांना, नवं पातं ५ रुपयांना. त्या विद्यार्थ्यांनी मत खरंच दिलं होतं. ते दुसऱ्या पाण्यावरचं मत होतं, एवढंच.

कातडीचंही तसंच. काहींना सुगंधी द्रव्याने खरंच पुरळ येतं, मुरुमांवर आग होते. अशा मुलाने स्वस्त असो वा महाग, तो साबण लगेच बंद करावा आणि गरज पडली तर डॉक्टरांना दाखवावं. मी स्वस्त साबणाची वकिली करत नाही, हे कृपया लक्षात घ्या. हल्ली उलटीही लाट असते. "जुनं ते सोनं, महाग म्हणजे लूट" असं ओरडणारे व्हिडिओही कमी नाहीत. तेही उसनंच मत झालं.

मग स्वस्त आणि महाग यात फरक काय? सातवीत मुलं शिकतात, की सोडिअम हायड्रॉक्साइडने कठीण साबण होतो आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइडने मृदू. दाढीच्या साबणात बहुतेक वेळा दोन्ही असतात. दाट, टिकणारा फेस मुख्यतः स्टिअरिक आम्लामुळे येतो आणि ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. स्वस्त आणि महाग दोन्ही पाकिटांच्या मागच्या याद्या वाचल्या की यातली बरीच नावं दोन्हीकडे सापडतात. फरक असतो तो सुगंधात, वेगळ्या तेलांत, डबीत आणि जाहिरातीत. काही फरक खरा असतो, काही नाही. पण पाकीट उलटं करून बघितल्याशिवाय ते कळायचं कसं?

आता खिसा. समजा ४० रुपयांचा साबण ८० वेळा पुरला, तर एका दाढीला ५० पैसे. ३२० रुपयांची ट्यूब ६४ वेळा पुरली, तर एका दाढीला ५ रुपये. हा भागाकार पाचवीचं मूल करतं. पण व्हिडिओ बघताना अकरावीचा मुलगाही करत नाही, कारण त्याला कोणी कर म्हणत नाही.

आम्ही वर्गात काय केलं?

सहावी-सातवीच्या मुलांसोबत मी तीन छोटे उपक्रम घेतले. साहित्य घरातलंच आहे. तुम्हीही घेऊ शकता.

१) दोन बाटल्या. सारख्या मापाच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत टँकरचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं. दोन्ही अर्ध्या भरा. साबणाचा कीस थोड्या पाण्यात विरघळवून त्याचे मोजून सारखे थेंब दोन्हीत टाका, झाकण लावून दहा सेकंद हलवा आणि पट्टीने फेस मोजा. साबणच घ्या. शांपू किंवा डिटर्जंट घेतलंत तर फरक फारसा दिसत नाही. आमच्याकडे आरओच्या पाण्यावर चांगला चार बोटं फेस आला. टँकरच्या बाटलीत जेमतेम थर आणि खाली पांढरा साका. मी विचारलं, "मग साबण चांगला की वाईट?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, कुठल्या बाटलीला विचारताय त्यावर आहे." मला उत्तर मिळालं!

२) हात वर आणि चिठ्ठी. एक गोष्ट वाचून दाखवली. वर्गातल्या हुशार मुलाला सगळ्यांसमोर आधी मत विचारलं. तो म्हणाला "बोअर आहे". मग हात वर करायला सांगितले. बहुतेकांना गोष्ट बोअर वाटली. दुसऱ्या दिवशी तशीच एक गोष्ट वाचली आणि आधी गुपचूप चिठ्ठीवर मत लिहून घेतलं. चिठ्ठ्यांत केवढी वेगवेगळी मतं निघाली! हा काही शास्त्रीय प्रयोग नाही, पण मुलांना मुद्दा पटला.

३) तीन प्रश्न. एखाद्या वस्तूबद्दलची दहा मतं फळ्यावर लिहायची आणि प्रत्येकाला विचारायचं : याने ती वस्तू खरंच वापरली का? याची परिस्थिती माझ्यासारखी आहे का? याला यातून काही मिळतंय का? दहापैकी किती मतं टिकतात ते मुलांनाच मोजू द्या.

पालकांनो, घरात एवढं करा

मुलाची पहिली दाढी तुम्ही शिकवा, मोबाइलवर सोडू नका. चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं नीट भिजवायचा, म्हणजे केस मऊ पडतात. ब्रश ओला करून साबणावर फिरवायचा आणि पाणी दुष्फेन असेल तर साबण थोडा जास्त घ्यायचा. आधी केसांच्या दिशेने पातं चालवायचं, दाबायचं नाही, मुरुमांवरून तर मुळीच नाही. बापाचं पातं मुलाने किंवा मुलाचं बापाने वापरायचं नाही. रक्तातून आजार पसरू शकतात, म्हणून हा नियम घरातही पाळायचा. "साबण भंगार आहे" म्हणणाऱ्या कितीतरी नवख्यांचं दुखणं या पायऱ्या चुकल्याचं असतं, असं मला वाटतं.

आणि मुलगा तुमच्या वस्तूला नावं ठेवेल तेव्हा चिडू नका, गप्पही बसू नका. त्याला एवढंच सांगा : "पंधरा दिवस वापर आणि मग मला सांग." पंधरा दिवसांनी तो नाही म्हणाला, तर त्याचं ऐका. तेव्हा ते त्याचं स्वतःचं मत असेल.

पुढे काय झालं?

त्या पालकांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गालावर आहे. मी काल उगाच मोबाइल बघत बसलो." ते हसले. धाकटीने बाटल्यांचा प्रयोग घरी भावाला करून दाखवला. भाऊ मोठा, अकरावी सायन्सचा. बहिणीसमोर हरायला नको म्हणून का होईना, पठ्ठ्याने तो साबण पंधरा दिवस वापरला.

महिन्याभराने तो मला वाकडच्या बसची वाट बघताना भेटला. गाल गुळगुळीत. मी विचारलं, "काय रे, साबण भंगार आहे का?"

"नाही सर, दाढी चांगली होते. पण वास नाही आवडत मला. हा संपला की दुसरा बघणार."

"पप्पांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, वास त्यांनाही कधीच आवडला नव्हता!"

मित्रांनो, साबण कुठलाही घेऊ दे, मला त्याची चिंता नाही. "वास आवडत नाही" हे त्या मुलाचं मत त्याने स्वतःच्या नाकाने मिळवलेलं आहे. आज प्रश्न ५० पैशांच्या दाढीचा आहे. उद्या हीच मुलं मोबाइल बघून कॉलेज निवडतील, औषध घेतील, शेजाऱ्याबद्दल मत बनवतील, मतदान करतील. तेव्हा त्यांच्या हातात तपासून बघायची सवय असावी, असं वाटत असेल तर सुरुवात आपल्याला अशाच छोट्या, स्वस्त वस्तूंपासून करावी लागेल. त्यात चूक झाली तरी नुकसान ४० रुपयांचं.

दोन बाटल्यांचा उपक्रम तुमच्या शाळेत किंवा घरी करून बघा. तुमच्या गावच्या पाण्यावर किती फेस आला, ते मला जरूर कळवा. आणि हो, माझ्या या लेखावरही लगेच विश्वास ठेवू नका. आधी बाटली हलवा!